मदत हवी आहे: १७ वर्षांची डिझेल एसयूव्ही घाटात गरम होते, हेड उतरवू का?

नमस्कार मंडळी. गॅरेजवाल्यांना सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे, म्हणून घाईने लिहिते आहे.

गाडी २००८ची, सात सीटर, टर्बो डिझेल, पंखा पट्ट्यावर फिरणारा. २ लाख ३१ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही, वयाचा आहे. बाबांनी घेतलेली गाडी, आता मी चालवते.

चिपळूणहून कराडला निघालं की शिरगाव, पोफळीपर्यंत तापमानाचा काटा नेहमीच्या जागी, अर्ध्याच्या जरा खाली असतो. कुंभार्ली घाट लागला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि एसी चालू असला, की पाच-सात वळणांत काटा चढायला लागतो. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला की हळूहळू उतरतो. हेळवाकच्या पुढे सपाटीला दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. लाल पट्टीपर्यंत एकदाही जाऊ दिलेला नाही. शिवाय महिन्याला अर्धा लिटर कूलंट कमी होतं, आणि गाडीखाली थेंबसुद्धा दिसत नाही.

एका गॅरेजमध्ये वर्षभरापूर्वी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, 'आपल्या हवेत लागत नाही' म्हणून. तेव्हापासून ॲव्हरेज बारावरून साडेदहावर आलं. आता दुसऱ्या ठिकाणी बॉनेट उघडून नुसतं बघितलं आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय म्हणाले. हेड उतरवून फेसिंग, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करणं, खर्च ४८ हजार. गॅस्केट गेल्याच्या खुणा मी घरी तपासल्या. ऑइल भरायचं झाकण उघडून पाहिलं, आत पांढरी मलई नाही. डिपस्टिकवरचं ऑइल काळं आहे, दूधट नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. सकाळी थंड गाडीचा रेडिएटर कॅप उघडून इंजिन चालू केलं, बुडबुडे आले नाहीत.

अजून एक, कदाचित संबंध नसेल. २२ जुलै २०२१च्या पुरात गाडी वरच्या आळीत नेऊन ठेवली होती, तरी पाणी बंपरच्या वर आलं. इंजिनात गेलं नाही. सगळी ऑइलं तेव्हाच बदलली.

विकून टाक म्हणणारे बरेच आहेत, पण आईला दर महिन्याला कराडला डॉक्टरांकडे न्यायचं असतं. छोट्या गाडीत बसताना गुडघे दुमडताना तिच्या तोंडून आवाज निघतो. या गाडीत ती पायरीवर पाय ठेवते आणि सरळ सीटवर येते. २०२३ला ५ हजार भरून पुनर्नोंदणी केली आहे, २०२८पर्यंत कागद साफ आहेत. हेड उतरवण्याआधी काय काय तपासून घ्यावं, एवढं सांगा.

प्रतिसाद १

ताई, एवढ्यात हेडला हात लावू देऊ नका. सपाटीला समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. घाटात वेग वीस-पंचवीसवर येतो, इंजिन मात्र जोरात काम करत असतं. तिथे सगळी भिस्त पंख्यावर. तुमच्या पंख्याच्या मधोमध सिलिकॉन तेल भरलेला क्लच असतो, गरम झाला की तो पंख्याला धरतो. तेल झिरपून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण वारा ओढत नाही. गाडी चांगली गरम करा, इंजिन बंद करून चावी काढा आणि पंखा हाताने फिरवा. जड लागायला हवा, एक-दीड वेढ्यात थांबायला हवा. मोकळा गरागरा फिरला तर क्लच गेला. हीटर सोडल्यावर काटा उतरतो म्हणजे पाणी फिरतंय, वॉटर पंपाचा संशय मी शेवटी घेईन.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण पुराचा मुद्दा सोडू नका. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते. तिथला गाळ समोरून फवारा मारून निघत नाही. दोन्ही वेगळे करून बघा. थर्मोस्टॅट परत बसवा. बऱ्याच इंजिनांत तो उघडला की बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतो. आणि गॅस्केटची खात्री हवीच असेल तर निळ्या द्रावणाची चाचणी करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरतात. धुराचा वायू पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा होतो.

धागाकर्ती, नऊ दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. पंखा हाताने फिरवला तर चार वेढे सहज फिरला. क्लचच्या तोंडाशी तेलकट काळी धूळ चिकटलेली होती. निळं द्रावण निळंच राहिलं, तेव्हा मला खरंच रडू आलं.

रेडिएटर उतरवला आणि मधली फट पाहिली. खालच्या वीतभर भागात पुराचा लाल गाळ भाजलेल्या मातीसारखा बसला होता. त्यावर घाटातला पाचोळा आणि किडे. वरच्या प्लास्टिक टाकीच्या सांध्याला हिरवट पापुद्रा होता. कूलंट तिथून झिरपून गरम धातूवर वाळत होतं, म्हणून खाली थेंब दिसत नव्हता. रेडिएटर, क्लच, कॅप आणि थर्मोस्टॅट नवे घातले, मजुरीसकट १९ हजार ४०० झाले. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घातलं. आधी बोअरचं पाणी टॉप-अप होत होतं, ते मी बंद केलं.

काल एसी चालू ठेवून कुंभार्ली चढले. काटा जागचा हलला नाही.

आता एक राहिलंय. रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबला की करकर वाजतो, खालचा अजून मऊ आहे. दोन्ही एकदम बदलावेत, की खालचा चालवू? आईची पुढची तारीख बारा दिवसांवर आहे.