एप्रिलमध्ये बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांत काय पाहावे?

देवगडचा बागायतदार

नमस्कार. आमची मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतातल्या दिजों येथे राहते आणि या वर्षी तिने आम्हा उभयतांना पंधरा दिवसांसाठी बोलावले आहे. चैत्र-वैशाख हा आमचा आंबा काढणीचा काळ असल्यामुळे बाग धाकट्या बंधूंच्या हवाली करून निघावे लागेल, म्हणून एप्रिलचा मध्य की मेची अखेर, हे आत्ताच ठरवायचे आहे. आम्ही मद्य घेत नाही. परंतु द्राक्षवेल कशी फुटते, तिच्या सोबतीला कोणती फुले येतात आणि मळ्यांतली जुनी बांधकामे कशी आहेत, हे बागायतदाराच्या नजरेने पाहण्याची मला फार ओढ आहे. बोर्दोजवळचे सँतेमिलियों हे जुने गावही याच फेरीत होईल का?

चिपळूणकर

काका, मी शिक्षणासाठी दोन वर्षे दिजोंला होतो. माझे मत एप्रिलच्या मध्याला आहे. वसंताच्या तोंडावर जमिनीत ऊब आली की छाटलेल्या काडीच्या टोकातून स्वच्छ पाण्याचे थेंब टपकू लागतात, त्याला तिकडे वेलीचे रडणे म्हणतात. मग काडीवरचे कापसासारखी लव असलेले डोळे, म्हणजे अंकुर, फुगतात आणि एप्रिलमध्ये पालवी बाहेर पडते. वेलीचा फुलोरा मात्र साधारण जूनमध्ये येतो, आणि तोही इतका बारीक व हिरवट असतो की आंब्याच्या मोहराची सवय असलेल्या डोळ्यांना तो पटकन दिसणारही नाही. रंग हवेत ते भोवताली: ओळींमधल्या गवतात मस्कारी या रानफुलाचे निळे तुरे, सपाटीवर मोहरीसारख्या रेपसीडची पिवळीधमक शेते, आणि गावांतल्या दगडी भिंतींवर विस्टेरियाचे जांभळट घोस.

याच दिवसांत तिथल्या शेतकऱ्याची झोप उडालेली असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री तापमान शून्याखाली उतरले की कोवळी पालवी करपते आणि वर्षाचे पीक हातचे जाते. एप्रिल २०२१ मध्ये अशा थंडीने फ्रान्सभर मोठे नुकसान केले. उत्तर बर्गंडीत शाब्लीला अशा रात्री ओळींमध्ये पॅराफिनचे डबे पेटवतात; काही ठिकाणी तर वेलींवर पाण्याचे तुषार उडवतात. ते पाणी गोठताना उष्णता सोडते आणि बर्फाच्या कवचात कोंब शून्य अंशाच्या आसपास तग धरतो. ऐन मोहरात आभाळ भरून आले की आपल्या घरांत जी शांतता पसरते, ती तुम्हाला तिथे ओळखू येईल.

वेंगुर्ल्याची रोपवाटिका

भाऊ, वेलीचे खोड जमिनीलगत निरखून पाहा, तिथे कलमाची गाठ दिसेल. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने मुळे खाऊन फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर फ्रेंच जातींची कलमे बांधली गेली. आजही बहुतेक सगळी लागवड तशीच होते. आपल्या हापूसच्या कलमात जातिवंत झाडाचे फळ जसेच्या तसे मिळावे हा हेतू असतो. तिथे मुळे वाचवणे हा मुख्य हेतू होता.

ओळींच्या टोकाला गुलाब दिसले तर तेही नुसते शोभेचे समजू नका. भुरी हा पांढऱ्या बुरशीचा रोग आधी गुलाबावर दिसतो आणि शेतकरी सावध होतो, असे पूर्वापार मानतात. दोन्हींवरच्या बुरशी वेगळ्या आहेत, परंतु त्यांना मानवणारे हवामान बरेचसे सारखे असते. भुरीवर गंधक हा उपाय मोहराप्रमाणे वेलीवरही चालतो.

दापोलीचा गवंडी

बोन या गावातले ओतेल-द्यू चुकवू नका. बर्गंडीच्या ड्यूकचे चॅन्सेलर निकोला रोलें आणि त्यांच्या पत्नी गिगोन द सालें यांनी १४४३ मध्ये गरिबांसाठी स्थापन केलेले हे रुग्णालय. रस्त्यावरून पाहिले तर छप्पर साधे, करड्या पाटीच्या दगडाचे. आतल्या चौकात गेल्यावर मात्र तांबड्या, पिवळ्या, हिरव्या आणि तपकिरी झिलईदार कौलांची नक्षी समोर येते. एवढा देखणा भाग त्यांनी आतल्या बाजूला, चौकासाठी राखला, हे मला फार भावले. या जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्ण होते, आणि संस्थेच्या मळ्यांतल्या वाइनचा लिलाव १८५९ पासून दर नोव्हेंबरात भरतो.

दिजों आणि बोन यांच्या मध्ये क्लो द वुजो आहे. सिस्टर्शियन साधूंनी बाराव्या शतकापासून जोपासलेला सुमारे ५० हेक्टरांचा हा मळा दगडी भिंतीने वेढलेला आहे. ‘क्लो’ म्हणजे बंदिस्त मळा. वाटेत शेतातून वेचलेल्या दगडांच्या, चुन्याशिवाय रचलेल्या लहान झोपड्याही दिसतील. त्यांची रचना पाहून तुम्हाला घरचा गडगा आठवेल.

सँतेमिलियों दिजोंहून फार दूर, नैर्ऋत्येला आहे. तिथले चुनखडीच्या एकाच खडकात कोरलेले बाराव्या शतकातले चर्च पाहताना आपल्या पन्हाळेकाजीच्या लेण्यांची आठवण होते, तरीही पंधरा दिवसांत ते साधण्यासाठी धावपळ करू नये, असे मी सांगेन.

देवगडचा बागायतदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एप्रिलचा मध्य नक्की केला आणि सँतेमिलियों वगळले. कलमाची गाठ मी स्वतः हात लावून पाहणार आहे. चिपळूणकर, बोन आणि वुजो येथे दिजोंहून आगगाडीने जाता येते का, की मुलीला मोटारीची व्यवस्था करायला सांगू?

चिपळूणकर

दोन्ही ठिकाणे त्याच लोहमार्गावर आहेत, काका. बोन स्थानकावरून जुने गाव पायी गाठता येते. वुजोला मात्र मोटार बरी पडेल, कारण मळ्यांमधल्या अरुंद रस्त्यांवर मनाला येईल तिथे थांबता येते.