सल्ला हवा: कोळशापासून हायड्रोजन, वीज की दोन्ही?

प्रश्नोपंत:
मंडळी, कोळशाचं वायूकरण करून हायड्रोजन आणि वीज काढणाऱ्या प्रकल्पाचा आर्थिक अभ्यास करायला घेतलाय. कार्बन पकडून जमिनीखाली साठवायचा, हे गृहीत. सुरुवात कोळशाच्या भावापासून करू का? आणि दोन्ही उत्पादनं काढण्यात खरंच फायदा आहे का?

वायुपुत्र:
कोळशाच्या भावात अडकू नका. खरा पैसा यंत्रांत जातो: गॅसिफायर (कोळशाचा वायू करणारी भट्टी), त्याला शुद्ध ऑक्सिजन पुरवणारं संयंत्र, शिफ्ट रिअ‍ॅक्टर (त्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड वाफेबरोबर घेऊन हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करणारा), मग कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं सेलेक्सॉल नाहीतर रेक्टिसॉल द्रावकाचं युनिट. वर्षातले किती तास हे सगळं पूर्ण क्षमतेने चालणार, तो आकडा आधी ठरवा.
कार्बन पकडणं इथे त्यामानाने सोपं. शिफ्टनंतर मुख्यतः हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड उरतात, तेही दाबाखाली. धुराड्यातल्यासारखा नायट्रोजनचा पसारा नाही. पण पकडलेला कार्बन डायऑक्साइड दाबून पाइपलाइनमध्ये घालायला वीज लागते, ती विक्रीतून वजा करा.

हिशेबनीस:
दोन्हीचं गणित असं. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा. ५५ टक्के कार्यक्षमतेच्या कम्बाइन्ड सायकलमध्ये (आधी वायूचा टर्बाइन, मग त्याच्या उष्णतेवर वाफेचा) जाळला तर वीज मिळते १८ युनिट. म्हणजे ज्या तासाला विजेचा भाव गुणिले १८ हे हायड्रोजनच्या भावाच्या वर जातं, त्या तासाला वीज विका, एरवी हायड्रोजन. गॅसिफायरला हात लावायचा नाही, तो अखंड चालू.
गोम अशी, की मग टर्बाइन बराच वेळ रिकामा बसतो आणि त्याचं व्याज काही थांबत नाही. भाव फार वरखाली होत नसतील तर नुसता हायड्रोजनच बरा. सरासरी भाव घेतलात तर यातलं काहीच दिसणार नाही, तासातासाचे घ्या.

खवचट_आजोबा:
कागदावर सगळं छान! अमेरिकेत मिसिसिपीतला केम्पर प्रकल्प बघा, कोळशाच्या वायूवर वीज करणार होता. खर्च ७.५ अब्ज डॉलरच्या घरात गेला, २०१७ मध्ये गॅसिफायरचा नाद सोडून नैसर्गिक वायूवर आले, २०२१ मध्ये तो भाग सुरुंग लावून पाडला.

वायुपुत्र:
आजोबा, मान्य. पण तिथलाच नॉर्थ डकोटातला ग्रेट प्लेन्स कारखाना १९८४ मध्ये सुरू झाला आणि टिकला. तो कोळशापासून मुख्यतः कृत्रिम नैसर्गिक वायू करतो, पण गॅसिफायर तिथेही आहेतच. २००० पासून त्याचा कार्बन डायऑक्साइड कॅनडातल्या वेबर्न तेलक्षेत्राला जातो. गिऱ्हाईक आहे!

खवचट_आजोबा:
अर्धीच गोष्ट सांगताय. मूळ कंपन्यांनी १९८५ मध्येच कर्ज थकवलं. सरकारने ताब्यात घेऊन १९८८ मध्ये दुसऱ्याला विकला. कर्जाचा बोजा उतरवून मिळालेला कारखाना कोणीही चालवेल हो.

प्रश्नोपंत:
म्हणजे मी भांडवल पूर्ण धरूनच मांडतो. कार्बन साठवल्याबद्दल सरकार देतं ती करसवलत कशी धरू?

हिशेबनीस:
कोळशाच्या एक किलो हायड्रोजनमागे ढोबळ २० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ९० टक्के पकडला तर १८ किलो. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने साठवणुकीला टनामागे ८५ डॉलर सवलत दिली, म्हणजे हायड्रोजनच्या किलोमागे दीड डॉलर. बराच मोठा टेकू आहे हा. पण ती सवलत १२ वर्षांपुरती, आणि प्रकल्पाचं आयुष्य तुम्ही ३० धरणार. तेराव्या वर्षापासूनचा रकाना वेगळा मांडा, आणि बँकवाल्यांना तोच आधी दाखवा.