दिल्लीची थंडी: सगळे थर घातले की अवजड दिसतं, कसं करता तुम्ही?

रानजाई
मैत्रिणींनो मदत हवी आहे. मी मूळची पुण्याची, जुलैत नोकरीसाठी गुरगावला आले. पुण्यात थंडी म्हणजे सकाळी एक स्वेटर आणि अकरा वाजले की तोही काढून पिशवीत, एवढीच सवय. इथे डिसेंबर लागल्यापासून घरातसुद्धा फरशी बर्फासारखी गार, हीटर एकाच खोलीत, आणि धुकं पडलं की दिवसभर ऊन नाही. आईने पाठवलेला जाड हातविणीचा स्वेटर, त्यावर फुगीर जॅकेट, गळ्यात मफलर असं घालून ऑफिसला जाते आणि फोटो बघितले की खरंच वाईट वाटतं, गळा दिसत नाही कंबर दिसत नाही. उंची ५ फूट १ इंच, खांदे अरुंद, कमरेखाली रुंद. ऑफिसला बहुतेक कुर्ता-लेगिंग्ज. आणि जानेवारीत मावसबहिणीचं लग्न आहे इथेच, रिसेप्शन संध्याकाळी उघड्या लॉनवर, मला पैठणी नेसायचीच आहे पण शाल गुंडाळली तर पदर झाकतो. काय करू?

ओवी_द्वारका
अगं पहिल्या वर्षी माझंही अगदी हेच झालं होतं, आता चौदावा हिवाळा आहे दिल्लीत. थर जास्त झाले म्हणून अवजड दिसत नाही, थर जाड असले की दिसतं. ऊब खरी मिळते ती दोन कापडांच्या मधे अडकलेल्या हवेमुळे, म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ कपडे जास्त गरम ठेवतात. अंगालगत थर्मल, पातळ आणि घट्ट, मेरिनो लोकरीचं मिळालं तर उत्तमच, कारण सुती बनियन घामाने ओलं झालं की ओलंच राहतं आणि मेट्रोच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर जास्त गारठायला होतं. त्यावर बारीक विणीचा स्वेटर, त्यावर कोट.

आता दिसण्याचं. तुझी उंची कमी आहे ना, मग लांबी सांभाळ. आखूड जॅकेटखाली लांब कुर्ता लोंबतो तेव्हा पाय मधेच कापल्यासारखे दिसतात आणि रुंदी नेमकी तिथेच उठून दिसते. एक तर कुर्ता आणि कोट एकाच लांबीचे घे, गुडघ्याच्या जरा वर, नाहीतर कुर्ता आखूड करून वर कमरेपर्यंतचं जॅकेट. आतलं सगळं एका रंगाच्या छटेत, कुर्ता लेगिंग्ज बूट सगळं गडद, आणि कोट वेगळ्या रंगाचा, बटणं उघडी ठेवून, म्हणजे मधे एक उभी पट्टी दिसते. डबल बटणपट्टीचा कोट तुला नको, समोर कापड दुप्पट होतं. मफलर गोल गोल गुंडाळू नकोस, गळ्यात नुसता सोडून दोन्ही टोकं खाली, मान मोकळी दिसते.

मेट्रोत आणि ऑफिसात कोट उतरतोच, त्यामुळे आतला स्वेटर चारचौघांत दिसण्यासारखाच असू दे. खरेदीला लाजपत नगर किंवा सरोजिनी नगर, सोमवारी मात्र जाऊ नकोस, बंद असतं.

सुईदोरा
मी नाशिकला शिवणकाम करते, दिल्लीच्या थंडीचा अनुभव नाही पण शिवणीचं सांगते. कोट घ्यायला जाताना आतला स्वेटर अंगात घालूनच जा आणि हात वर करून पुढे पसरून बघ. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, घट्ट असेल तर आतल्या बाह्या काखेत गोळा होतात आणि माणूस खांद्याला जाड दिसतो, मग मोठ्या मापाचा कोट घेतला जातो आणि खांदे उतरतात. तुमचे खांदे अरुंद आहेत त्यामुळे खांद्याची शिवण बरोब्बर बसेल असाच कोट घ्या, बाजूच्या शिवणी कोणीही दाबून देईल, खांदा आल्टर करणं महाग पडतं आणि नीट होतही नाही. कोटाला गुळगुळीत अस्तर हवंच, नाहीतर लोकरीवर लोकर चिकटते आणि आतला कुर्ता वर चढतो. लोकरीच्या लेगिंग्जवर सुती कुर्ता पण असाच चिकटतो, आत पातळ स्लिप घाला.

पैठणीसाठी मखमली ब्लाऊज शिवून घ्या, पूर्ण बाह्या, बंद गळा. मापं थर्मल घालून द्यायची, ब्लाऊजची मापं नुसत्या अंगावर घेतली की आत थर्मल बसतच नाही आणि आयत्या वेळी पंचाईत होते, माझ्या गिऱ्हाइकांचं झालंय असं. परकर सॅटिनचा नको, पैठणी जड असते, खाली घसरते. पॉपलिनचाच घ्या आणि आत गरम लेगिंग्ज.

बकुळी
ओवी, ऑफिसचं सगळं पटलं पण साडीवर कोट नको वाटतो मला, पैठणी कोटाखाली गेली तर नेसायची कशाला. रानजाई, शाल गुंडाळायची नाहीच. पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणून शालीची उभी घडी घाल आणि उजव्या खांद्यावरून सरळ सोड, पदरावरचे मोर झाकणार नाहीत आणि गारवा वाढला की तीच शाल उघडून पाठीवरून घ्यायची. काठाच्या रंगातली घे, साडीच्या अंगाच्या रंगातली नको.

पश्मिना म्हणून रस्त्यावर तीनशे-चारशेला देतात ती पश्मिना नसते. खरी लडाखच्या चांगथांगकडच्या शेळ्यांच्या आतल्या मऊ लोकरीची असते, हातविणीची आणि महागच. झालरीचा एक धागा काढून जाळून बघ, लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरडते, ॲक्रिलिक असेल तर वितळून टणक मणी होतो. अर्थात एका लग्नासाठी साधी मेरिनोची शालसुद्धा पुरते.

दागिन्यात ठुशी नको, बंद गळ्यावर ती बसत नाही. मोहनमाळ घाल, गडद मखमलीवर लांब सोनं फार सुंदर दिसतं.

ओवी_द्वारका
बकुळी, लॉनवर शिरल्यावर शालच बरोबर, मान्य. पण गाडीतून उतरून आत जाईपर्यंत आणि रात्री परतताना कोट लागतोच, जानेवारीत रात्री ६-७ अंशांवर येतं आणि कधी त्याच्याही खाली. पायांचं कोणी बोललं नाही अजून! उघड्या चपला घालू नकोस गं, गवतावर दव असतं. लोकरीचे मोजे आणि बंद मोजडी, निऱ्या जमिनीला टेकतील इतक्या घे, मोजे दिसत नाहीत.

रानजाई
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप धन्यवाद. काल कुर्ता आणि कोट एका लांबीचे करून बघितले, आरशात एकदम फरक दिसला, फोटो आईलाही पाठवला. पैठणी जांभळी आहे, काठ हिरवा, तर ब्लाऊजला बाटलीहिरवी मखमल घेतेय आणि शाल पण हिरव्यातली बघते. सुईदोरा ताई, मापं एका थर्मलवर देऊ की दोन घालून?

सुईदोरा
दोन पातळ घालणार असाल तर दोन्ही घालूनच द्या. आणि आत दीड इंच माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवायला सांगा, पुण्यात परत आलात की तोच ब्लाऊज थर्मलशिवाय घालताना शिवण आत घेता येईल आणि पुन्हा उसवताही येईल.