होमर कबुतरांच्या लिलावात बोली कुठं थांबवायची? अनुभवी मंडळींनी सांगा

रामबागची_गच्ची (इंदूर)
नमस्कार. वडिलांनी याच गच्चीवर तीस वर्षं गिरेबाज (उंच उडणारी कबुतरं) पाळले, मी तीन वर्षांपासून होमर (लांबून घरी परतणारी, शर्यतीची कबुतरं) ठेवतोय. रविवारी बेंगळुरूच्या एका लॉफ्टचा (कबुतरखान्याचा) ऑनलाइन लिलाव आहे. त्यातला एक निळा पट्टेवाला नर, पायातली रिंग 2021 ची (म्हणजे जन्म त्या वर्षीचा), मनात भरलाय. हातात सगळे मिळून 20,000 रुपये. मागच्या वर्षी 8,000 ठरवून बसलो होतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत 13,000 वर गेलो. बायकोला दोन दिवस सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही आकडा कसा ठरवता?

दांडियाबाजार (बडोदा)
आधी हे सांगा, उडवायला घेताय की जोडीला? मोठा झालेला होमर सोडलात की तो बेंगळुरूचीच वाट धरणार. तो जाळीतच ठेवावा लागेल. उडवायचंच असेल तर नुकती दाणा टिपू लागलेली पिल्लं घ्या, ती तुमच्या गच्चीला घर मानतील.

रामबागची_गच्ची
जोडीलाच. माझ्याकडे चांगली मादी आहे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
मग दोन हिशेब मांडा, दोन्ही कागदावर.

पहिला खिशाचा. 20,000 मधून पेटी आणि आणण्याचा खर्च काढा, समजा 2,200. विष्ठेची तपासणी आणि औषधं 1,300. उरले 16,500. लिलाववाले खरेदीदाराकडून कमिशन घेतात का ते नियमांत बघा. 5 टक्के असेल तर बोली 15,700 च्या वर जाऊच शकत नाही. मागच्या वर्षी तुमचा आकडा नुसत्या बोलीचा होता की घरपोच खर्चाचा? बहुतेक जण इथंच फसतात.

दुसरा हिशेब पक्ष्याचा, आणि खरा तोच. एका वेताला दोन अंडी, अठराएक दिवसांनी पिल्लं. हंगामात तीन वेतं धरा. सहातली चार हाती लागली तरी समाधान माना. त्याच लॉफ्टचं पिल्लू लिलावाशिवाय थेट 3,000 ला मिळत असेल तर चार पिल्लांचे झाले 12,000. दोन्ही हिशेबांत जो आकडा लहान, तिथं थांबायचं.

दांडियाबाजार (बडोदा)
लष्करवाल्यांचा हिशेब पटला, पण एक वजावट राहिली. त्यांच्या 3,000 च्या पिल्लाचे आई-बाप दोन्ही त्याच रक्ताचे. आपल्या मादीशी जोड लावली की पिल्लात त्या नराचं रक्त निम्मंच. मी 12,000 वरून थोडं खाली येईन.

बक्षिसांचा कागदही नीट वाचा. नुसतं 'पहिला क्रमांक' लिहिलं असेल तर किती कबुतरांत, किती किलोमीटरवर, आणि वेग मिनिटाला किती मीटर, हे विचारा. चाळीस पक्ष्यांतला पहिला आणि दोन हजारांतला विसावा यांत मी विसावा घेईन. डोळ्याच्या जवळून काढलेल्या फोटोवर एक पैसाही वाढवू नका. त्यावरून पक्षी कसा उडेल हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

मांडवीचा_शौकीन (बडोदा)
बेल्जियमची न्यू किम ही मादी 2020 च्या नोव्हेंबरात 16 लाख युरोला गेली. बोली सुरू झाली होती 200 युरोपासून! शेवटी दोन चिनी खरेदीदारच समोरासमोर उरले होते. दोघं हट्टाला पेटले की भाव पक्ष्याचा राहत नाही. तुमच्या लिलावातही असा एखादा निघेल, त्याच्या मागं धावू नका. वेबसाइटवर कमाल बोली आधीच भरून ठेवायची सोय असेल तर ती भरा आणि मोबाइल घरच्यांकडे द्या. शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ वाढते का, हेही आधी बघून ठेवा.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
बडोदेकरांची वजावट बरोबर, माझ्याकडून राहिलीच. आणखी एक, त्याच यादीत या नराचा सख्खा भाऊ किंवा बहीण आहे का बघा. आई-बाप तेच, पण नावावर बक्षीस नाही म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत. माझ्याकडची सगळ्यात चांगली पिल्लं अशाच एका बिनबक्षिसाच्या मादीची आहेत.

रामबागची_गच्ची
मोठे उपकार झाले. यादीत सख्खी बहीण आहे, रिंग 2022 ची. नराला 10,600, नाहीच मिळाला तर बहिणीला 8,100. दोन्ही आकडे कागदावर लिहून बायकोच्या हातात दिलेत.

रामबागची_गच्ची (रविवार रात्र)
नर 17,500 ला गेला. 10,600 ला माझी बोली संपली तेव्हा हात फार शिवशिवले, पण कागद बायकोकडे होता. बहीण 7,400 ला मिळाली! बुधवारी गाडीनं येतेय. वेगळी ठेवायला जिन्याखालची जागा चालेल का? आणि किती दिवस?

दांडियाबाजार (बडोदा)
अभिनंदन! वारा खेळता असेल तर चालेल. निदान तीन आठवडे, आणि तिचं पाण्याचं भांडं वेगळं. आधी आपल्या पक्ष्यांना दाणा घाला, मग तिला, उलट क्रमानं नको. पहिल्या दोन दिवसांची विष्ठा तपासायला द्या.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
आल्या आल्या रिंगचा नंबर कागदाशी ताडून बघा. आणि तिच्यासाठी नर कोणता, तेही इथं लिहा.