एटीव्ही पिकअपमध्ये चढवायला स्वस्तातला रॅम्प: विकत घ्यावा की बनवून घ्यावा?

नागावचा_वाळूवाला

मंडळी, अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर माझ्या चार एटीव्ही, म्हणजे वाळूत चालणाऱ्या जाड टायरच्या चारचाकी गाड्या, फिरतात. तीन मोठ्या, २०० सीसीच्या वरच्या, आणि पोरांसाठी एक ११० ची. पावसाळा तोंडावर आला की त्या घरी न्यायच्या, पाऊस सरला की परत आणायच्या. घर जवळच आहे, पण एटीव्हीला रस्त्याचं पासिंग नाही, चालवत नेता येत नाही. म्हणून चुलतभावाची बोलेरो पिकअप मागून घेतो. एका खेपेला एक मोठी मावते, म्हणजे जाऊन-येऊन वर्षाला आठ खेपा.

आजवर दोन फळ्यांवर भागवलं. यंदा नाही भागलं. पुढची चाकं हौद्यात गेली, मागच्या चाकांनी जोर घेतला आणि उजवी फळी मागे सटकली. गाडी तिरकी होऊन लटकली. मी डावीकडे उडी मारली म्हणून वाचलो, पण मेहुण्याच्या नडगीला फळीचं टोक लागलं, चार टाके पडले. मडगार्ड फुटलं ते वेगळंच. फळ्या त्याच संध्याकाळी बायकोने चुलीत घातल्या, न विचारता.

मापं अशी: जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंत ३३ इंच. मोठ्या एटीव्हीचं वजन २०० किलोच्या आसपास, मी ७५. पुढचा टायर ७ इंच रुंद, मागचा १०.

ऑनलाइन घडीचे अॅल्युमिनियमचे रॅम्प पाहिले, मला पसंत पडलेली जोडी वीस हजारांच्या पुढे जाते. आठ खेपांसाठी जिवावर येतं. गावातला वेल्डर म्हणतो, चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला जाड लोखंडी पत्रा) टाकून देतो, हत्ती चढवा. पण ते धूड उचलणार कोण? मेहुणा तर आता हाकेला ओ देत नाही. सहा फुटी पुरेल की आठ फुटीच हवा?

बांधावरचा_जुन्नर

दादा, आधी मेहुण्याला विचारा बरं आहे का.

आम्ही पॉवर टिलर चढवतो, तुमच्या गाडीच्या दुप्पट वजनाचा. रॅम्पवर पैसे घालण्याआधी उंची कमी करा, ती फुकट होते. पिकअप मागे घेऊन बांधाला भिडवायची. बांध फूटभर जरी उंच असला तरी अर्धं काम झालं. बांध नसेल तर मागच्या चाकांपुरते दोन खड्डे काढा. सहा फुटी रॅम्पवर तुमचे ३३ इंच म्हणजे सव्वादोन फुटाला फूटभर चढ, माणूससुद्धा हात टेकून चढेल. आठ फुटीवर तीन फुटाला एक. सहाचा विचारच सोडा.

नागावचा_वाळूवाला

मेहुणा बरा आहे, टाके निघाले. बोलत नाही एवढंच.

वाळूत पिकअपची मागची चाकं खड्ड्यात घातली तर पिकअप काढायला जेसीबी बोलवावा लागेल. बांधाची कल्पना मात्र डोक्यात घोळतेय.

मिशिगनचा_मराठी

माझ्याकडे इथे फोर्डची एफ-१५० पिकअप आहे, साडेपाच फुटी हौद्याची, आणि थंडीत बर्फ लोटायला पुढे फाळ लावलेली एटीव्ही. तुमच्यासारखाच धडा मीही शिकलो, फक्त रॅम्प भारी होता. अॅल्युमिनियमचा, कमानीचा, महागडा. पट्टे बांधायचा कंटाळा केला. मागची चाकं फिरताना रॅम्पला मागे ढकलतात, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. वरचं टोक फाळक्यावरून, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवरून, निसटलं आणि गाडी पोटावर बसली.

म्हणून फळी असो की वीस हजारांची जोडी, रॅम्प पिकअपला बांधलेला नसेल तर दोन्ही सारखेच. रॅचेटचे (खटक्याने ताणून घट्ट होणारे) दोन पट्टे, एकेका रॅम्पच्या वरच्या टोकापासून पिकअपच्या चासीपर्यंत, आणि ते चढवण्याआधी ताणलेले. आठवड्याभराच्या चहाच्या पैशांत येतात.

विकतचा घेणार असाल तर अजून एक. रॅम्पवर छापलेला वजनाचा आकडा बहुतेक वेळा जोडीचा असतो, एका रॅम्पचा नाही. त्यात गाडी, तुम्ही, टाकीतलं पेट्रोल सगळं धरायचं. कमानीचा मिळाला तर तो घ्या. सरळ रॅम्प जिथे हौद्याला मिळतो त्या टोकावर गाडीचं पोट घासतं.

वेल्डिंगवाला_सांगोला

मिशिगनच्या भाऊंचं पट्ट्यांचं शंभर टक्के बरोबर. पण त्यांच्या गाडीचा फाळका उघडला की आडवा, हौद्याच्या पातळीत राहतो, रॅम्प त्यावर टेकतो. आपल्या पिकअपचा फाळका खाली लोंबतो. तिकडच्या घाटाचा रॅम्प आणला तर त्याची जीभ, म्हणजे वरच्या टोकाची टेकायची पट्टी, फाळक्याच्या बिजागरीवर अडकते, हौद्यावर नीट बसत नाही. ऑनलाइन घेताना हे कोणी सांगत नाही. बिजागरीची खीळ काढून फाळका बाजूला ठेवता येत असेल तर ठेवा, नसेल तर जीभ बिजागरी ओलांडून आत जाईल एवढी लांब हवी.

आता बनवायचं म्हणाल तर चेकर प्लेट नको. जड होते, आणि ओली वाळू बसली की टायर जागेवर फिरतो. शिडीसारखा करा, वाळू खाली गळून जाते. रुंदी १२ इंच, कारण मागचा टायर १० चा आहे आणि पुढची चाकं मागच्यांच्या अगदी रेषेत नसतात.

मी माझा पहिला रॅम्प ४० बाय ५ च्या अँगलचा (४० मिमी बाजूची, ५ मिमी जाडीची काटकोनी लोखंडी पट्टी) केला होता. दुसऱ्या हंगामात केळ्यासारखा वाकला. हिशोब साधा आहे: गाडी आणि तुम्ही मिळून पावणेतीनशे किलो. चढावर भार मागे झुकतो, मागच्या दोन चाकांवर पावणेदोनशे धरा, म्हणजे एका रॅम्पच्या मध्यावर ९० च्या आसपास. हिसका बसला की दुप्पट धरायचं. तिथे ४० चा अँगल हात टेकतो. ५० बाय ६ चा तग धरतो, पण मीटरला साडेचार किलो भरतो.

त्यापेक्षा ६० बाय ४० चा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाईप घ्या आणि ६० ची बाजू उभी ठेवा. मीटरला तीन किलोच्या आसपास, आणि वाकण्याला ५० च्या अँगलपेक्षा दीडपटीहून जास्त ताकदीचा. आडवा लावला तर ही ताकद कमी होते, वेल्डरला उभं राहून सांगा. वर दर सहा इंचाला २५ च्या अँगलची एक पट्टी, कड वर करून, म्हणजे टायरला पकड मिळते. आठ फुटी एक रॅम्प २० किलोच्या आसपास होईल. एकटा माणूस उचलतो.

तुमच्याकडे खारा वारा. पाईपची चारही तोंडं पत्रा लावून बंद करा, नाहीतर वरून रंग छान दिसेल आणि आतून गंज खाऊन टाकेल. वरच्या टोकाला बाजूने एकेक कडी डकवून घ्या, पट्ट्यासाठी.

नागावचा_वाळूवाला

सगळ्यांचे आभार. परवा काम झालं, म्हणून सांगतो.

जोडी ४१ किलो भरली. वेल्डरने मजुरीसकट किलोला १२० लावले, ४,९२० झाले, प्राइमर आणि रंग मी घरी मारला. दोन रॅचेट पट्टे वेगळे. सांगोल्याच्या दादांनी सांगितलं नसतं तर पाईप आडवाच लागला असता, त्याने तसाच मांडून ठेवला होता. "आडवा बसायला सोपा जातो" म्हणे.

बांधाचंही जमलं. किनाऱ्यावर उतरायच्या वाटेला चांगला उतार आहे. तिथे पिकअपचं तोंड समुद्राकडे आणि पाठ रस्त्याकडे केली, म्हणजे मागची जमीन आपोआप उंच. रॅम्प टेकतो तिथे मोजलं, ३३ चे २३ इंच झाले. चार फुटाला फूटभर चढ. हँडब्रेक, पिकअप रिव्हर्स गिअरमध्ये, आणि पुढच्या चाकांना समुद्राच्या बाजूने दोन मोठे दगड.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. पिकअप तोंडाकडे उतरती उभी असली की हौदाही केबिनकडे उतरता होतो. एटीव्ही वर आली आणि मी थ्रॉटल सोडला तरी ती पुढे धावली, ब्रेकवर हात होता म्हणून केबिनची काच वाचली. पुढच्या खेपेला केबिनला टेकून जुना टायर ठेवला.

११० च्या गाडीची दोन चाकं जवळजवळ आहेत, तिला रॅम्प आतल्या बाजूला सरकवावे लागतात आणि पट्टे पुन्हा बांधावे लागतात. ती शेवटी आम्ही दोघांनी हातानेच ढकलून चढवली.

दोघांनी म्हणजे मी आणि मेहुणा. आला होता. रॅम्पपासून दहा हात लांब उभा राहून आधी पट्टे ताणलेत का ते बघत होता, प्रत्येक खेपेला.

बांधावरचा_जुन्नर

जोडी भाड्याने देणार का? आमच्या गावात तिघं विचारतायत.

नागावचा_वाळूवाला

चुलतभावाने आधीच नंबर लावलाय. त्याला बुलेट न्यायची आहे आणि म्हणतो, पिकअप माझी असताना भाडं कसलं.