मनूचा मासा आणि आपल्या नद्या: प्रलयाच्या गोष्टींनी पर्यावरण राखलं जातं का?

घाटवाट

मी महाडकडच्या एका शाळेत शिकवते. गेल्या आठवड्यात सहावीच्या वर्गात मत्स्यावतार सांगत होते. मासा माठात मावेना, विहिरीत मावेना, इथवर आले आणि एका मुलाने विचारलं, "बाई, त्याला पहिल्यांदाच नदीत का नाही सोडला?" मी म्हटलं, कारण तेव्हा तो एवढासा होता, दुसऱ्या माशांनी खाल्ला असता. बोलता बोलता माझं मलाच जाणवलं की गोष्टीचा गाभा इथे आहे, नावेत नाही.

ही कथा सगळ्यात जुन्या रूपात शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात येते. सकाळी मनूला हात धुवायला पाणी आणतात आणि त्या पाण्यातून एक मासोळी त्याच्या हाताला लागते. ती म्हणते, मला सांभाळ, मी तुला तारीन. आम्ही लहान असतो तोवर आमच्या जिवाला फार धोका, मासाच माशाला गिळतो. आधी कुंभात ठेव, तो पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव, मग समुद्रात ने. महाभारताच्या वनपर्वात हेच वाढवून सांगितलंय. तिथे गंगा आहे, सप्तर्षी आहेत, नावेत सगळ्या प्रकारची बियाणी आहेत. पण शतपथातल्या कथेत कुणाचं पाप नाही, देवाचा कोप नाही. पूर येणार, एवढंच. मनू वाचतो, कारण त्याने आधी एक मासा वाढवलेला असतो आणि दर वेळी त्याच्यासाठी जागा मोठी केलेली असते.

आता आमच्याकडचं सांगते. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे, वरदायिनी देवीचा. तिथले मासे कुणी धरत नाही. लहानपणी वडील घेऊन जायचे. कुरमुरे टाकले की काळसर पाठी वर यायच्या, एकेक खवला रुपयाच्या नाण्याहून मोठा. महसीर तो. बाहेरच्या नदीत हा मासा मिळेनासा झाला, कोंडीत टिकला. देवीचे मासे आहेत, एवढं एक वाक्य पिढ्यान् पिढ्या पुरलं.

म्हणून माझं मत असं की या गोष्टी नुसत्या जुन्या म्हणून सोडून देऊ नयेत. पर्यावरणाचे धडे पाठ करून मुलं परीक्षा देतात आणि विसरतात. गोष्ट विसरत नाहीत.

पाटबंधारे

ताई, गोष्ट फार छान सांगितलीत. तरी मला विरोध नोंदवायचा आहे. माझी सगळी नोकरी नद्यांवर गेली आहे.

कोंडीपासून सुरुवात करतो. महसीर एका डोहात आयुष्य काढणारा मासा नव्हे. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि खळाळत्या, स्वच्छ पाण्यात, गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो. वर बंधारा आला, तळाची वाळू उपसली गेली, खाली कारखान्यांचं पाणी आलं, की देवीच्या डोहात उरतात ते म्हातारे मासे. भाविक कुरमुरे टाकतात, मासे वर येतात, सगळ्यांना वाटतं ठीक चाललंय. श्रद्धेची हद्द डोहाच्या कडेला संपते. माशाची संपत नाही.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पूर ओसरल्यावर किती जणांच्या तोंडून ऐकलं, "प्रलय आला हो, माणसाचं पाप वाढलं." पाप म्हटलं की ते सगळ्यांचं होतं आणि मग कुणाचंच राहत नाही. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली, हा प्रश्नच मागे पडतो.

माहीत नसणाऱ्यांसाठी: सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येईल एवढा जिथवर पोहोचतो ती लाल. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित. नकाशावर रेषा आहेत आणि त्यांच्या आत इमारती उभ्या आहेत.

आणि प्रलय कथेत एकदाच येतो. कृष्णा २००५ ला आली, २०१९ ला आली, २०२१ ला आली. 'एकदाच' ही समजूत पूररेषेच्या शत्रूसारखी आहे.

कृष्णाकाठची

सर, तुमचं पापाबद्दलचं म्हणणं मला पटलं. २०१९ ला आम्ही सांगलीत सहा दिवस वरच्या मजल्यावर होतो. तेव्हा कुणी "तुमची कर्मं" म्हणालं असतं तर मी सहन केलं नसतं.

पण शतपथातल्या त्याच कथेचा शेवट कुणी सांगितला नाही, तो मी सांगते. नाव उत्तरेच्या डोंगराला लागते, तेव्हा मासा मनूला म्हणतो: नाव झाडाला बांध, पण पाण्याने तुला डोंगरावर तोडून टाकू नये. पाणी जसजसं उतरेल तसतसा तू उतर. त्या उतरणीचं नावच 'मनोरवसर्पण' पडलं, मनू हळूहळू उतरला ती जागा.

पूर पाहिलेल्या माणसानेच हे सांगितलं असणार, असं मला मनापासून वाटतं. पाणी चढताना बोटी येतात, कॅमेरे येतात. उतरताना कुणी नसतं. आमच्या गल्लीतली मातीची दोन घरं पुरात उभी होती, ती पाणी उतरल्यावर ऊन पडलं तेव्हा बसली. स्वयंपाकघरात गुडघ्याएवढा चिखल. तांदळाचा पत्र्याचा डबा फुगून तोंड उघडून पडला होता आणि आंबलेल्या तांदळाचा वास दिवाळीपर्यंत भिंतींतून गेला नाही. पाणी कुठवर आलं होतं ती रेघ आम्ही दाराच्या चौकटीच्या वर तारीख घालून रंगवली आहे. दोनदा घराला रंग दिला, ती रेघ ठेवली.

आणि सर, नरसोबाची वाडी तुम्ही पाहिली असणारच. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं की ते देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. लोक त्या पाण्यात स्नानाला थांबलेले असतात. आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, पाणी उतरलं की परत आणतात. देवळाने नदीला अडवलेलं नाही, दार दिलंय. इथे पूर एकदाचा नाही, दरवर्षीचा पाहुणा आहे. तुमची निळी रेषा जे सांगते तेच वाडीने सोहळा करून सांगितलं.

एक तक्रारही करते. धरणातून "इतके हजार क्युसेक सोडले" असं आम्हाला सांगतात. त्यातून आमच्या उंबऱ्याशी पाणी येईल की नाही ते काय कळणार? सासूबाई मात्र घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या त्यावरून सामान कधी हलवायचं ते सांगायच्या.

वसईकर

आमच्या घरी नोहाची गोष्ट, बायबलातल्या प्रलयाची. थोडक्यात लिहितो, पण बायबलच्या बाजूने आणि विरुद्धही.

१९६७ साली लिन व्हाइट या इतिहासकाराने 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं की निसर्ग माणसाच्या सेवेसाठी आहे ही समजूत पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराने रुजवली आणि आजच्या संकटाचं मूळ तिथे आहे. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायात देव माणसाला पृथ्वी ताब्यात घ्यायला आणि प्राणिमात्रावर सत्ता चालवायला सांगतो. हे वाचून मला आजही अवघडल्यासारखं होतं. झाकायचं कशाला? पण दुसऱ्याच अध्यायात त्याच माणसाला एदेन बागेत ठेवलंय ते तिची मशागत आणि राखण करायला. नवव्या अध्यायात पूर ओसरल्यावर देव करार करतो तो एकट्या नोहाशी नाही, नावेतून उतरलेल्या प्रत्येक जिवाशी. आमच्या धर्मशिकवणीच्या वर्गात इंद्रधनुष्य रंगवून घेतलं, करारात बेडूक आणि कावळाही आहेत हे कुणी सांगितलं नाही.

वसईत हे पुस्तकात राहिलं नाही. बायबलचा मराठी अनुवाद करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेच हरित वसईच्या चळवळीतही पुढे होते. टँकर लावून विहिरींचं पाणी उपसून नेत होते, बागायत बुडायची वेळ आली होती, लोक रस्त्यावर उतरले. त्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते.

तरी आज आमच्या आळीतलं बावखल बुजतंय. बावखल म्हणजे वाडीतलं तळं, पावसाचं पाणी धरणारं, कडेला रहाट. आजोबा त्यावर पानवेल आणि केळी शिंपायचे. बुजवणारे आमचेच, रविवारी मिस्साला येणारे. पाटबंधारे सरांशी इतपत मी सहमत आहे.

तळकोकण

मी धागाकर्त्या ताईंच्या पूर्ण विरोधात आहे. वाईट वाटून लिहितोय, रागाने नाही.

आमच्या गावाला देवराई होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगासमोर मांडलं, ते वाचून मी वनस्पतिशास्त्राकडे वळलो. आमच्या राईत कवळ्यात न मावणारे वृक्ष होते, मध्ये देव, वर छप्परसुद्धा नाही. काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धार ठरला. सभामंडप हवा, गाड्या लावायला जागा हवी. झाडं तोडायची तर देवाला विचारलं पाहिजे, म्हणून कौल लावला. सगळा गाव जमला होता. देवाने उजवा कौल दिला. दोन दिवसांत करवती लागल्या. पानगळीच्या कुजलेल्या थरात पाय रुतायचा तिथे आता फरशी आहे, चैत्रात पाय भाजतात.

त्या दिवशी मला कळलं की राखण झाडांची नव्हती, भीतीची होती. भीती ज्या तोंडाने नाही म्हणते त्याच तोंडाने हो म्हणू शकते.

आणि आमची उत्पत्तीची कथा घ्या. परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे हटला, कोकण झालं. लहानपणी अभिमान वाटायचा. आता खाडीत भराव टाकणाऱ्यांच्या भाषणात हीच कथा ऐकतो, ही भूमीच समुद्राकडून घेतलेली आहे म्हणून. खारफुटी तोडायला पुराणाचा आधार! गोष्ट दोन्ही बाजूंना राबते. कायदा निदान एका बाजूला उभा राहतो.

घाटवाट

तळकोकण दादा, तुमच्या कौलाचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्याकडेही असा एक मंडप झालाय. मी वर्गणी दिली होती, तेव्हा मनात काही आलं नव्हतं. त्यामुळे "गोष्ट पुरते" हे मी मागे घेते. वाळण कोंडीचं वाक्य पुरलं असं लिहिलं तेही अर्धंच. सर म्हणतात तसं, माशाला वर चढायला वाट आहे का हे मी कधी पाहिलंच नाही. कुरमुरे टाकून परत आले.

पण भीतीची गोष्ट आणि मनूची गोष्ट एक नाही, इथे मी अजूनही ठाम आहे. मनू माशाला घाबरत नाही. त्याच्या हातात एक बोटभर जीव येतो आणि तो खड्डा खणायला लागतो. देवराईचा कौल "तोडू का?" असं विचारतो, आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही असतं. माशाचा प्रश्न "आता मला कुठे ठेवशील?" असा आहे, आणि त्याला दर वेळी काम करावं लागतं. कायदा हवाच. पण निळी रेषा कायद्यातच आहे ना? तिच्या आत इमारती झाल्याच. राखणारं माणूस कुठून आणायचं, हा माझा प्रश्न आहे.

तळकोकण

ताई, तुमचा मनू पोथीत आहे. गावात देव आहे आणि देवाचे मानकरी आहेत. फरक माझ्यासाठी तिथेच आहे. मत बदललेलं नाही. पण "कुठे ठेवशील" हे वर्गात विचारत राहा.

पाटबंधारे

कृष्णाकाठच्या ताईंची तक्रार आमच्या खात्याला लागू आहे, मान्य करतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दोन भरलेल्या बादल्या, दर सेकंदाला. हे आम्ही कधी असं सांगितलं नाही. धरणातून किती सोडलं यापेक्षा ते पाणी किती तासांनी कोणत्या घाटाच्या कितव्या पायरीवर येईल, हे सांगायला हवं होतं. मधल्या ओढ्यांचं पाणी आणि खालचा फुगवटा धरून ते काढता येतं. अवघड आहे, पण काढता येतं.

वाडीच्या दक्षिणद्वाराबद्दल: मी तिथे अनेकदा ड्यूटीवर होतो, पाण्याची पातळी नोंदवत. लोक स्नान करत होते आणि मी त्यांना मागे सरा म्हणून ओरडत होतो. देवळाला दार कुठे ठेवलंय याचा विचार कधी केला नव्हता. तरीही पूररेषेचा निर्णय कथेवर सोडू नये, हे माझं मत कायम आहे.

ताई, तुमच्या चौकटीवरच्या रेघेची जोत्यापासूनची उंची मोजून ठेवा, आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं तेही. गल्लीतल्या दहा घरांनी अशी मापं लिहून ठेवली तर फार उपयोगी पडतील.

कृष्णाकाठची

मोजली. जोत्यापासून ७ फूट २ इंच. २०२१ ची रेघ नाही, पण जिन्याच्या पाचव्या पायरीवर चिखलाचा डाग आहे, सासूबाईंनी पुसू दिला नव्हता. शेजारच्या दोघींना सांगितलंय, रविवारी टेप घेऊन बाकीच्या घरी जातो.