मदत हवी आहे: विजयदुर्गजवळ रात्रीचं आकाश आणि पुळणीवरचे खेकडे एकाच टाइमलॅप्समध्ये कसे आणायचे?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहिते.

मला विजयदुर्गच्या आसपास एक छोटी फिल्म करायचीय, तीन-चार मिनिटांची, सगळी टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेली). वरती आकाश फिरतंय आणि खाली किनारा जागा आहे, एवढंच त्यात हवंय. विजयदुर्गच का, तर 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा इथून गेला होता, आणि त्याच ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात जी पिवळी रेषा दिसली ती पुढे हेलियमची निघाली. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणून चौथरे दाखवतात, ते त्या ग्रहणाच्या वेळी दुर्बिणी ठेवायला बांधलेले असं इथली माणसं सांगतात. भर पावसाळ्यात कोकणात आकाश उघडं मिळायची आशा धरायची म्हणजे केवढी जिद्द लागत असेल! माझ्यासाठी तरी ती जागा वेधशाळाच आहे. तिथे आज आकाश कसं दिसतं आणि त्या आकाशाखाली कोण कोण वावरतं हे लोकांना दाखवावं असं फार मनात आहे.

सामान: क्रॉप सेन्सरचा एक कॅमेरा, 14 मिमी एफ/2.8 लेन्स, दुसरा जुना कॅमेरा 35 मिमी एफ/1.8 सोबत, इंटर्व्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारं यंत्र), दोन ट्रायपॉड. बॅटरी बदलताना फ्रेम हलते म्हणून डमी बॅटरी लावून पॉवरबँकवर चालवते. ओल्या वाळूत ट्रायपॉड हळूहळू बसतो, त्यामुळे पायांखाली जांभ्याचे सपाट तुकडे ठेवते, त्याने काम भागतं.

आकाशाचा भाग बऱ्यापैकी जमतोय. 20 सेकंदांचं एक्स्पोजर, आयएसओ 3200, मध्ये 3 सेकंद गॅप, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स फिक्स. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबाने 10 सेकंदांच्या क्लिपला 250 फोटो, म्हणजे दीड तासाच्या वर कॅमेरा एका जागी. आपल्याकडून दक्षिणेला जे दिसतं ते उत्तरेच्या लोकांना मिळत नाही, चैत्रात मध्यरात्रीच्या सुमारास त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूह समुद्रावर तेरा-चौदा अंशांवर उभा असतो आणि तेव्हाच आग्नेयेकडून आकाशगंगेचा गाभा वर यायला लागतो.

आता खरी अडचण. आकाशाला 20 सेकंद लागतात, पण खेकडा 20 सेकंद एका जागी थांबतो का? फ्रेममध्ये त्याचा पत्ताच लागत नाही, फार तर धुरकट डाग. आणि टॉर्च मारून शूट करायचं नाही हे माझं ठरलेलं आहे. पांढऱ्या उजेडाने ही जनावरं बिथरतात, बिळात जातात, आणि मग जे मिळतं ते त्यांचं वागणं नसतंच. ऑलिव्ह रिडले कासवांच्या बाबतीत तर प्रश्नच नाही, पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात, चुकीच्या दिशेला एक दिवा असला तरी समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. त्यामुळे अंडी घालायला आलेल्या मादीच्या वाटेला मी जाणार नाही. वेळासला हॅचरीतली पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात, तो भाग तिकडे दिवसाच्या उजेडातच लांबून घेईन.

म्हणून डोक्यात एक गणित बसवलंय, ते बरोबर आहे का सांगा. शुद्ध अष्टमी निवडायची. इथल्या जुन्या हिशोबाने तिथीला पाऊणपट केलं की भरतीची साधारण वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहाच्या आसपास भरती आणि मध्यरात्रीच्या आसपास ओहोटी. भांग (भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस) असल्यामुळे पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखं फार लांब जात नाही, पण पुळण मोकळी होते आणि खेकडे बाहेर पडतात. त्याच वेळी अर्धा चंद्र पश्चिमेला असतो, म्हणजे वाळूवर फुकटचा मऊ उजेड, आणि मध्यरात्रीनंतर चंद्र मावळला की आकाश काळं. पहिल्या भागात दुसऱ्या कॅमेऱ्याने खेकडे, एफ/1.8, आयएसओ 6400, 1 ते 2 सेकंद, सलग. खेकडा पळतो, थबकतो, पुन्हा पळतो, तर थबकलेल्या फ्रेम तरी शार्प येतील असं वाटतंय. मग चंद्र गेल्यावर 14 मिमीवर आकाश.

यात अडलेय ते असं.

दीपगृहाचा झोत. 20 सेकंदांच्या फ्रेममध्ये तो मिसळून जातो, दिसतही नाही. पण 1-2 सेकंदांच्या फ्रेममध्ये एकात झोत येतो, पुढच्यात नाही, आणि क्लिप अशी लुकलुकते की बघवत नाही. एलआरटाइमलॅप्स या सॉफ्टवेअरमधलं डीफ्लिकर सगळ्या फ्रेमचा उजेड सारखा करतं, पण झोत तर एकाच कोपऱ्यात पडतो. इंटर्व्हल झोताच्या आवर्तनाशी जुळवून घ्यायचा का? कोणी केलंय का असं? की डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्या भागाला मास्क लावून सावरता येतं?

इन्फ्रारेड. जुना कॅमेरा फुल स्पेक्ट्रम (सेन्सरवरचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून) करून घ्यावा का असा विचार आहे. 850 नॅनोमीटरच्या दिव्याचा मंद लाल ठिपका दिसतो, 940 चा दिसत नाही पण सेन्सरला तो कमी पकडता येतो. खेकडे आणि कोल्हे यांच्यावर याचा परिणाम होतो का, हे ज्यांनी कॅमेरा ट्रॅप लावलेत त्यांनी प्लीज सांगा. नसेल खात्री तर मी चंद्रावरच भागवेन.

दव. पहाटे दोननंतर लेन्सवर असं दव धरतं की तारे आधी मऊ होतात आणि मग गायबच. यूएसबीवरचा हीटर पट्टा घ्यायचाय, पण खाऱ्या हवेत तो टिकतो का, आणि लेन्स गरम झाल्यावर फोकस सरकतो का? फोकस मी लाइव्ह व्ह्यूमध्ये एक ठळक तारा मोठा करून लावते आणि टेप चिकटवते.

शेवटचं परवानगीचं. किल्ला संरक्षित स्मारक आहे, सूर्यास्तानंतर आत थांबता येत नाही, त्यामुळे ओट्यांच्या वर तारे हा शॉट सध्या कागदावरच. पुरातत्त्व खात्याकडे रात्रीच्या चित्रीकरणाचा अर्ज कोणी केला असेल तर अर्जात काय काय लिहावं लागतं, ट्रायपॉडचा वेगळा उल्लेख करायचा का, ते सांगा. नाहीच मिळाली तर संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात ओटे घेऊन, आकाश बाहेरून घेईन, पण दोन वेगळ्या शॉटचं आकाश एकमेकांवर चिकटवायचं नाहीये, जे होतं तेच दाखवायचंय.

चैत्रातल्या अष्टमीला जायचं ठरतंय. दीपगृहाच्या झोताचं उत्तर आधी मिळालं तर बरं, कारण त्यावरून कॅमेऱ्याचं तोंड कुठे करायचं ते ठरेल. देवगड-विजयदुर्ग भागातलं कोणी असेल आणि झोत न पडणारी पुळण माहीत असेल तर तेही लिहा.